विकून झाल्यावर

मराठीत 'गिऱ्हाईक' या शब्दाचे दैव मोठे चमत्कारिक आहे. 'ग्राहक' म्हणजे घेणारा. पण तोच शब्द बोलीत उतरला आणि "त्याचं चांगलंच गिऱ्हाईक केलं" असे आपण म्हणू लागलो, की कुणाची तरी चारचौघांत फजिती झालेली असते. दुकानदार तोंडाने गिऱ्हाइकाला देव म्हणतो आणि त्याच्याच भाषेत गिऱ्हाईक हा थट्टेचा विषय होतो. विकणारा आणि घेणारा यांच्यामधला जुना संशय या शब्दाच्या पोटात अजून शिल्लक आहे, असे मला वाटते. सौदा सुरळीत पार पडला तर तो निजून राहतो. घेणारा नाराज झाला, की जागा होतो.

नाराज गिऱ्हाइकाशी कसे वागावे, याची पुस्तके पुष्कळ निघाली आहेत. गोड बोलावे, लवकर उत्तर द्यावे, क्षमा मागावी, पुढच्या खरेदीत सूट द्यावी असे त्यांत सांगितलेले असते. हा सल्ला वाईट नाही. पण तो गिऱ्हाईक कसे टिकवावे याचा आहे. माझ्या मनातला प्रश्न थोडा निराळा आहे. एखाद्यासाठी मुद्दाम, हाताने केलेली वस्तू त्याला आवडली नाही, तर आपण त्याचे नेमके काय देणे लागतो? आणि तो आपले काय देणे लागतो?

हा प्रश्न मला पुस्तकातून मिळालेला नाही. मी गोधड्या शिवते. आमच्या सातारा भागात गोधडीला वाकळ म्हणतात. माझ्याबरोबर आणखी तीन बायका आहेत. लोक आपल्या घरातल्या जुन्या साड्या आम्हांला पाठवतात आणि आम्ही त्यांचे थर लावून धावदोऱ्याने गोधडी करून परत पाठवतो. मोठी गोधडी म्हणजे दोघींचे पंधरवड्याचे काम. मागणी फोनवर येते, पैसे फोनवर येतात, कापड कुरियरने येते. ज्याच्या अंगावर ती गोधडी पडायची, त्याचे तोंडही आम्ही पाहिलेले नसते. बाळाच्या दुपट्यासाठी पुण्याहून मागणी येते तशी अमेरिकेहूनही येते. नाराजीही त्याच वाटेने, त्याच फोनवर, रात्री दहा वाजता येते.

'गिऱ्हाईक नेहमी बरोबर असते' हे वचन सगळ्यांनी ऐकलेले आहे. ते रूढ झाले विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेतल्या आणि इंग्लंडातल्या मोठमोठ्या दुकानांतून. शिकागोचे मार्शल फील्ड आणि लंडनचे सेल्फ्रिज ही नावे त्याच्याशी जोडली जातात. त्या दुकानांच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. कपाटात एकसारखे पाचशे हातमोजे असले, तर एक जोडी परत घेऊन दुसरी दिल्याने दुकानाचे फारसे बिघडत नाही. परत आलेली जोडी उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात चढते. म्हणजे ते औदार्य पुष्कळशा मालाच्या पाठबळावर उभे होते. पण जी वस्तू जगात एकच आहे, जिच्यावर कुणाच्या तरी नातवाचे नाव टाक्यांनी उमटवले आहे, ती परत घेऊन मी कुणाला विकणार? पाचशे मोज्यांचा नियम एका दुपट्याला लावला, की करणारीचे दिवाळे निघते. म्हणून पुष्कळ कारागीर उलट टोकाला जातात आणि आधीच लिहून ठेवतात, 'ऑर्डरप्रमाणे केलेली वस्तू कोणत्याही परिस्थितीत परत घेतली जाणार नाही.' एक टोक करणाऱ्याला बुडवते, तर दुसरे टोक घेणाऱ्याचे तोंडच बंद करते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या अडचणीला एक सुंदर नाव दिले होते. ते तिला 'अनुशय' म्हणत. अनुशय म्हणजे मागाहून होणारा पश्चात्ताप. खरेदी किंवा विक्री करून झाल्यावर मनाला चुटपूट लागली तर काय करावे, हा त्यांच्या व्यवहारशास्त्रातला स्वतंत्र विषय होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्याघेण्याची मुभा आहे. कौटिल्याने व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन आणि गुराख्यांना पाच रात्री अशी मुदत घातली. नारदाचा हिशेब तर फारच व्यवहारी आहे: घेतल्याच दिवशी परत केले तर पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा हिस्सा कापून, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट कापून, त्यानंतर माल घेणाऱ्याचा. मला या विचारात एक मोठे मन दिसते. माणूस सौदा करताना चुकू शकतो आणि त्याला रात्रभर विचार करायला जागा असावी, हे त्यांनी गृहीत धरले होते. पश्चात्ताप हा गुन्हा नव्हे. मात्र तो जितका लांबेल तितका महाग पडेल.

आजचे कायदेही याच वाटेने गेले आहेत. वस्तू नमुना दाखवून विकली तर ती नमुन्याबरहुकूम असली पाहिजे आणि वर्णन करून विकली तर वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, हे आपल्या १९३०च्या मालविक्री कायद्यात आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१९चा कायदा जुलै २०२०मध्ये अमलात आला आणि त्याच महिन्यात इंटरनेटवरच्या विक्रीचे नियम आले. त्या नियमांप्रमाणे, अशा बाजारपेठेतून विकणाऱ्याला सदोष, कबूल केल्यापेक्षा वेगळी किंवा सांगितलेल्या तारखेनंतर पोचलेली वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही; उशिराला एखादे अस्मानी संकट कारण असेल तर गोष्ट वेगळी. युरोपीय संघाने २०११च्या निर्देशात दूरवरून खरेदी करणाऱ्याला चौदा दिवसांचा अनुशय दिला, आणि त्यातून गिऱ्हाइकाने सांगितल्याबरहुकूम केलेल्या वस्तू वगळल्या. म्हणजे 'मन बदलले' एवढ्याच कारणाने मी केलेली गोधडी परत करता येणार नाही, हे तिथल्या कायद्यालाही पटलेले आहे.

पण कायदा इथे थांबतो आणि आपली अडचण इथेच सुरू होते. दोष असेल तर परत, मन बदलले तर नाही, हे ठीक. परंतु बहुतेक नाराजी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. सांगून करवलेली वस्तू पोचण्याच्या आधी दोन मनांत दोन वेगवेगळ्या रूपांत तयार झालेली असते. घेणाऱ्याच्या मनात एक गोधडी असते आणि माझ्या मनात एक. खोके उघडल्यावर बाहेर पडते ती तिसरीच. तिने पहिल्या दोघींपैकी कुणाशी प्रामाणिक राहायचे?

एक साधे उदाहरण देते. माझ्या ओळखीच्या एक बाई दारावरच्या लाकडी पाट्या कोरतात. एका कुटुंबाने घरातल्या सगळ्यांची नावे फोनवर रोमन अक्षरांत लिहून पाठवली आणि पाटी देवनागरीत हवी म्हणून सांगितले. आता रोमन लिपीत 'रमा' आणि 'रामा' एकाच अक्षरांत लिहिले जातात. बाईंनी 'रमा' कोरले. घरात होते ते आजोबा, रामा. पाटी पोचली आणि तिकडून संतापाचा निरोप आला. दोष कुणाचा? लिहिणाऱ्याने बरोबरच लिहिले होते आणि वाचणारीनेही बरोबरच वाचले होते. शेवटी बाईंनी पाटी नव्याने कोरून दिली आणि त्या कुटुंबाने लाकडाचे पैसे दिले. मजुरी एकीची, लाकूड दुसऱ्याचे. हा निवाडा मला फार आवडला, कारण सांगून केलेली वस्तू ही दोघांची निर्मिती असते, हे त्यात दोघांनीही मान्य केले. तेव्हापासून मी दुपट्यावरचे नाव देवनागरीत लिहून, त्या कागदाचा फोटो मागवून घेते.

रंगाचे तसेच. फोनच्या पडद्यावरचा रंग हा पडद्याने स्वतः टाकलेला प्रकाश असतो. कापडाचा रंग हा कापडाने परत फेकलेला प्रकाश असतो. उन्हात, सावलीत आणि विजेच्या दिव्याखाली एकच साडी तीन रंगांची दिसते. मी ओसरीच्या सावलीत, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढते. तेवढ्याने वाद निम्मे होतात. पण गिऱ्हाइकाला 'तुमच्या फोनचा दोष' असे सांगणे मला बरे वाटत नाही. त्याने दुसरे काही पाहिलेले नसते. दुकानातल्यासारखे कापड बोटांत घेऊन चोळण्याची, उजेडात नेऊन बघण्याची सोय आपण त्याला दिलेली नाही. जे त्याला पाहता येत नाही ते आपणच आधी सांगायला हवे, त्यात जे सांगायला गैरसोयीचे आहे तेसुद्धा: ही साडी विरली आहे, हिचा रंग पहिल्या धुण्यात जाईल, हाताचे टाके यंत्रासारखे एका मापाचे पडणार नाहीत. असे सांगितल्याने चार मागण्या जातात. जाऊ द्याव्यात. विकण्यापूर्वी दडवलेली गोष्ट विकून झाल्यावर तक्रार होऊन परत येते.

वेळेचेही असेच आहे. भाऊबिजेला भावाला द्यायची वस्तू भाऊबिजेनंतर पोचली, तर तिचा एकही टाका उसवलेला नसला तरी ती निम्मी झालेली असते. घेणाऱ्याने कापडाबरोबर तो दिवसही विकत घेतला होता. कुरियरवाल्याने उशीर केला, हे खरे असेल. पण घेणाऱ्याचा सौदा माझ्याशी झाला होता, कुरियरवाल्याला मी निवडले होते. माझे भांडण मी त्याच्याशी करावे. ते गिऱ्हाइकाच्या अंगणात नेऊ नये.

पूर्वी असे नव्हते, असे कुणी म्हणेल. गावात सुतार, कुंभार, चांभार हे बलुतेदार होते. करणारा आणि वापरणारा रोज एकमेकांना दिसत. नांगराचा फाळ नीट बसला नाही तर तो घेऊन शेतकरी लोहाराच्या शाळेवर जाई आणि लोहार तिथल्या तिथे तो नीट करून देई. हे खरे आहे आणि हवेहवेसे वाटावे असेही आहे. पण त्या व्यवस्थेचे नुसते गोडवे गाऊ नयेत. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे १९१५ सालचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना बलुत्याच्या पद्धतीत किती ओढाताण होती हे ठाऊक आहे. त्यातही जातीच्या उतरंडीत खाली असलेल्या कारागिराला नाराज धन्यासमोर मान वर करून 'यात माझा दोष नाही' असे म्हणण्याची सोय नव्हती. नाराजी वरून खाली येई आणि खालच्याने ती झेलायची असे. आज फोनवरून विकणाऱ्या बाईला गिऱ्हाईक दिसत नाही, हे तिचे दुःख आहे. पण गिऱ्हाइकालाही तिची जात, तिचे दार, तिची पायरी दिसत नाही, हे तिचे भाग्यही आहे. ती 'नाही' म्हणू शकते. तेव्हा नम्रता आणि लाचारी यांतला फरक आपण आता तरी ओळखायला हवा.

आता ज्या गोष्टीशी मी सर्वांत जास्त झगडले, तिच्याकडे येते. ती म्हणजे कष्ट.

पंधरा दिवस मान मोडून काम केल्यावर 'ठीक आहे, पण मला वाटलं होतं तशी नाही' असे शब्द वाचले, की हाताने करणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांवर एकच उत्तर येते: 'तुम्हांला कल्पना आहे का, याला किती कष्ट लागतात?' हे उत्तर अगदी नैसर्गिक आहे. ते खरेही आहे. तरी ते देऊ नये, असे माझे मत झाले आहे. कष्ट ही माझी किंमत आहे, माझा बचाव नाही. कष्टाचे मोल मागायचे ते आधी, भाव सांगताना. तिथे संकोच करू नये. पुष्कळ बायका तिथे संकोच करतात, 'द्या काय द्यायचे ते' म्हणतात, आणि मग न मागितलेल्या पैशांच्या जागी कौतुकाची अपेक्षा धरून बसतात. कौतुक आले नाही की त्यांना फसवल्यासारखे वाटते. परंतु घेणाऱ्याने गोधडी मागितली होती. कौतुक करण्याचा करार त्याने केला नव्हता. ज्याने पुरेसे दाम घेतले आहे त्याला तक्रार शांतपणे ऐकता येते. ज्याने कमी घेतले त्याला प्रत्येक तक्रार कृतघ्नतेसारखी टोचते. नाराज गिऱ्हाइकाशी नीट वागण्याची पहिली तयारी अशी, योग्य भाव सांगण्यात आहे.

आणि कष्टाचा दाखला दुसऱ्या बाजूनेही अन्यायाचा आहे. मी कष्ट सांगितले की समोरचा गप्प बसतो. त्याची तक्रार खोटी ठरली म्हणून नव्हे, तर ती करण्याची त्याला लाज वाटते म्हणून. एका गरीब, कष्टाळू बाईला दुखवणारा दुष्ट माणूस, असे त्याचे चित्र मी त्याच्यापुढे धरलेले असते. हा एक प्रकारचा जुलूमच नव्हे काय? आखूड पडलेले पांघरूण कष्टाने शिवले म्हणून लांब होत नाही.

याचा अर्थ प्रत्येक नाराजीवर पैसे परत करावेत असाही नव्हे. पैसे परत करणे हे पुष्कळदा न्यायाचे असते. टाका उसवला, माप चुकले, नाव चुकले, तर काही न बोलता दुरुस्त करून द्यावे, नाहीतर पैसे द्यावेत, आणि ने-आणीचा खर्चही आपणच सोसावा. पण कधीकधी पैसे परत करणे म्हणजे ऐकणे टाळणे असते. 'हे घ्या तुमचे पैसे' यात 'आता बोलू नका' असेही म्हटलेले असते. त्या वेळी फोन बंद केल्याचे समाधान मिळते, आणि समोरच्याला काय खुपत होते ते कुणालाच कळत नाही.

एका बाईंनी दिवंगत आईच्या सहा साड्या पाठवल्या होत्या. गोधडी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, काम फार छान आहे. पण मला ही नको आहे." का, हे त्यांना सांगता येईना. माप बरोबर, रंग त्यांच्याच साड्यांचे, टाके त्यांना पसंत. कायद्याने पाहिले तर माझ्याकडे काही लागत नव्हते. पैसे परत देऊन मोकळे व्हावे म्हटले, तर गोधडीचे काय करायचे? ती परत घेऊन मी दुसऱ्याची आई कुठे ठेवणार होते? आणि कात्री लागलेल्या साड्या पुन्हा साड्या होणार नव्हत्या. मनूचे दहा दिवस आणि युरोपचे चौदा, दोन्ही इथे निरुपयोगी होते.

मी त्यांना विचारले, "तुम्ही खोकं उघडलंत तेव्हा आधी काय शोधलंत?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिरव्या साडीचा पदर. आई स्वयंपाक करताना त्यालाच हात पुसायची." तो पदर गोधडीत होता. हात पुसून पुसूनच तो इतका विरला होता की वरच्या थरात टाकाच धरत नव्हता, म्हणून तो आतल्या थरात जाईल, हे आम्ही त्यांना कात्री लावण्यापूर्वी कळवले होते आणि त्यांनी 'चालेल' म्हटले होते. लेखी होते. ते दाखवून मला वाद जिंकता आला असता.

आमच्यातल्या सर्वांत जुन्या आक्कांना मी विचारले, तर त्या म्हणाल्या, "पदर वर घेतलास तर वरीसभरात इरंल." हे अगदी खरे होते, आणि ते मी त्या बाईंना तसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "विरू दे." आम्ही एक कड उसवली, पदराची पट्टी काढून वर घेतली, तिच्यावर मलमलीचा पातळ पदर घालून ती टाचली. त्या कामाची मजुरी मी मागितली आणि त्यांनी ती दिली.

या प्रसंगाने माझ्या मनात एक सीमारेषा स्पष्ट झाली. कापड किती टिकेल हे मला त्या बाईंपेक्षा अधिक कळते; तो माझा अधिकार. पण त्या कापडात काय आहे हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते. तो त्यांचा अधिकार. चांगली गोधडी म्हणजे टिकाऊ गोधडी, हे माझे कारागिराचे मत आहे. ते मी त्यांच्या आईवर लादू शकत नाही. बहुतेक भांडणे या सीमेवर होतात. गिऱ्हाईक मला टाका कसा घालावा हे शिकवू लागते, किंवा मी त्याला काय आवडावे हे शिकवू लागते. दोघांनी आपापल्या हद्दीत राहून पलीकडच्याला प्रश्न विचारला, तर निम्म्या तक्रारी मिटण्याजोग्या असतात. ज्या मिटत नाहीत त्यांत पुष्कळदा वस्तूचा दोष नसतो. ते दुःख वस्तूच्या आधीपासूनचे असते. त्याला ऐकून घेणारा कान हवा असतो. पैसे त्याला पुरत नाहीत आणि ते मागतही नाही.

अर्थात सगळीच गिऱ्हाइके अशी नसतात. वस्तू वापरून झाल्यावर खोट नसलेल्या जागी खोट दाखवणारे, 'पैसे परत द्या, नाहीतर सगळीकडे वाईट लिहितो' म्हणणारे लोकही भेटतात. पूर्वी नाराज माणूस गावात चार घरी सांगे. आता तो एक चांदणी देऊन जगाला सांगतो आणि ते लिहिलेले पुसले जात नाही. लहान कारागिराच्या छातीत या चांदणीची केवढी धास्ती असते, हे सहजगत्या ती देणाऱ्याला कळत नाही. अशा धमकीपुढे नमून पैसे दिले, तर ते समजूतदारपणाचे नाव घेऊन आलेले भय असते, आणि त्याची किंमत पुढच्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला वाढीव भावाने भरावी लागते. तिथे सभ्य शब्दांत, एकदाच, 'नाही' म्हणावे आणि काय कबूल केले होते ते तारखेनिशी लिहावे. गिऱ्हाइकाच्या शब्दाला प्रतिशब्द करू नये. वाचणारे तिसरे लोक उत्तराच्या भाषेवरूनच पुष्कळ ओळखतात.

खरी तक्रार आणि खोटी तक्रार यांत फरक कसा करायचा? इथे मला गोरोबाकाकांची कथा आठवते. संतमंडळी जमली असता कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पाहण्यासाठी गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे शांत बसले. नामदेव तेवढे रागावले, आणि मडके कच्चे ठरले. ही कथा सांगताना आपण नामदेवांच्या फजितीवर थांबतो. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ते विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. थापटीचा राग आला म्हणून ते कच्चे ठरले असतील. ती थापटी त्यांनी फुकट जाऊ दिली नाही, म्हणून ते नामदेव झाले. प्रत्येक नाराज गिऱ्हाईक गोरा कुंभार नसते, हे खरे. पण थाप लागताक्षणी आवाज कुठून आला, एवढे तरी ऐकावे. आवाज मडक्यातून आला असेल तर भाजणी वाढवावी. थापटणेच फुटके असेल तर रागावण्याचे कारणच उरत नाही.

आतापर्यंत मी विकणाऱ्याच्या देण्याविषयी बोलले. घेणाऱ्याचेही देणे आहे, आणि दिवाळीच्या दिवसांत ते सांगायला हरकत नसावी, कारण या दिवसांत आपण सगळेच गिऱ्हाईक असतो. हाताने केलेल्या कंदिलाची, पणत्यांची, शालीची मागणी नोंदवताना आपल्या मनात काय आहे ते नीट सांगणे, हे घेणाऱ्याचे काम आहे. 'तुम्हांला योग्य वाटेल तसं करा' असे म्हणून मागाहून रुसणे न्यायाचे नाही. विचारलेल्या प्रश्नाला वेळेवर उत्तर देणे हे त्याचे काम आहे. आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था १९७५पासून ग्राहकाला हक्क शिकवत आल्या आहेत, ते हक्क जरूर वापरावेत. पण मोठ्या कंपनीविरुद्ध उगारायची काठी चार बायकांच्या ओसरीवर उगारण्यापूर्वी एकदा फोन करून पाहावा.

वस्तू मनासारखी आली नसेल तर ती मुकाट्याने कपाटात टाकून पुन्हा त्या वाटेला न जाणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना वाटते, आपण करणाऱ्याचे मन राखले. तसे होत नाही. करणाऱ्याला तो दोष कधी कळतच नाही आणि तोच दोष पुढच्या दहा घरी जातो. सांगणारा माणूस त्याच्यावर उपकार करतो. तेव्हा या दिवाळीत तुमच्या घरी एखादी हातची वस्तू आली असेल आणि ती मनाला लागली नसेल, तर जगाला सांगण्यापूर्वी करणाऱ्याला सांगा. लवकर सांगा, आणि काय खुपते ते नेमके सांगा. तो काय उत्तर देतो, यावरून पुढच्या वर्षी त्याच्याकडे जायचे की नाही, ते तुम्हांला ठरवता येईल.